लहान लिपीतलं नाव

३ मार्च, सोमवार

दादाचं परीक्षण आलं आणि त्यात एकही कॅपिटल नाही! एकही!! पुस्तकाच्या नावात नाही, लेखकाच्या नावात नाही, वाक्याच्या सुरुवातीला नाही. इंग्रजीतला 'आय', म्हणजे 'मी', तोसुद्धा लहान, डोक्यावर टिंब घेऊन उभा. आधी वाटलं चष्मा बिघडला. पुसला. तरी तेच.

सव्वीस वर्षं या इंग्रजी साप्ताहिकाच्या पुस्तकांच्या पानाची प्रुफं तपासतेय. नाना नमुने पाहिले. एका गृहस्थांनी 'नदी' आली की दरवेळी कॅपिटल घातलं होतं, कारण त्यांचं बालपण नदीकाठी गेलं. पण दादा? एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस! इंग्रजीची मोठी आणि लहान अक्षरं, म्हणजे पहिली लिपी, दुसरी लिपी, याच माणसानं मला हात धरून गिरवायला लावली होती.

एका घरात राहतो आम्ही, दोघंच. लग्न दोघांचंही राहून गेलं. तो वह्या तपासत राहिला, मी प्रुफं. तरी परीक्षण मात्र पाकिटात घालून, तिकीट लावून, टपालानं कचेरीत पाठवणार. "घरचं घरी, कामाचं कामावर."

लाल पेन घेऊन बसले. दोनशे चौदा खुणा झाल्या.

जेवताना विचारलं, "दादा, कॅपिटल कुठे गेली?"

"काढली."

"सगळी?"

"अक्षरांत उच्चनीच कशाला हवी? तत्त्वाचा प्रश्न आहे," म्हणाला आणि भात वाढून घेतला.

तत्त्व! याच माणसानं पोरांना 'आय' लहान काढला म्हणून बाकावर उभं केलंय!

५ मार्च, बुधवार

नव्या संपादक मॅडमनी माझ्या दोनशे चौदा खुणा पाहिल्या आणि एकेक खोडायला लावली. मॅडमना येऊन महिनाही नाही झाला. आधी त्या न्हाणीघराच्या फरश्यांचं मासिक काढायच्या. ते चांगलं चालायचं म्हणतात.

दादानं पाकिटात चिठ्ठीही घातली होती, टाइप केलेली. "एकही अक्षर बदलल्यास माझं लेखन थांबलं असं समजावं." चिठ्ठीही सगळी लहान लिपीत.

"किती धाडसी!" मॅडम म्हणाल्या. "असंच छापायचं."

"मॅडम, लेखकाचं नाव तरी..."

"नावाचे काय वेगळे लाड?"

त्यांनी पानावर सही केली. सव्वीस वर्षांत एक शिकलेय: सही झाली की बोलायचं नाही.

८ मार्च, शनिवार

अंक आला. सकाळपासून फोन. एका आजोबांनी डोळ्यांत थेंब घालून पुन्हा वाचलं म्हणे. एका बाईंनी अंक परत पाठवला. "अर्धवट शिजलेला आहे."

दादा खूष नाही, नाराज नाही. खोलीत बसून टाइप करतोय. टक्... टक्... टक्. किती सावकाश! विचार करत लिहितो हल्ली.

१० मार्च, सोमवार

आज एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, गळ्यात मापाची टेप. व्यवसायानं शिंपी. मागच्या अंकात ज्या कादंबरीचं परीक्षण आहे, तीच छातीशी धरलेली. इंग्रजी नाव मोठं विचित्र आहे — मराठीत सांगायचं तर 'खांदे नसलेल्या माणसासाठी कोट'.

पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. शेजारी अंक. कव्हरावरच्या नावावर बोट ठेवलं: दोन आद्याक्षरं, मग आडनाव. मग अंकातल्या नावावर.

"हे बघा ताई. इथं उंच आहे. इथं खाली पाडलंय."

"ते... तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बारा वर्षं गेलीत आमच्या घरातली या पुस्तकात. नाव उंच करून द्या. मी थांबतो."

आणि खरंच थांबला! दाराजवळच्या खुर्चीत, संध्याकाळपर्यंत. मी जाताना विचारलं, परीक्षण कसं वाटलं? "चांगलंच असेल," म्हणाला.

काय हा ताठा! असेल म्हणे!

१२ मार्च, बुधवार

शिंपी तिसऱ्या दिवशीही हजर. मॅडमनी शेवटी बैठक घेतली. मॅडम, मी आणि पानं लावणारा, ज्याला सगळे 'पट्टी' म्हणतात. त्याच्या हातात कायम पट्टी असते, जेवतानाही.

ठरलं काय, तर शुद्धिपत्र छापायचं. लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव नीट लिपीत. पण नीट म्हणजे कसं? पुस्तकाच्या नावात पहिला आणि शेवटचा शब्द मोठाच. नामं, क्रियापदं, विशेषणं मोठी. 'फॉर'सारखे किरकोळ शब्द लहान. इथवर सगळे एकमतानं. अडलं नावातल्या 'विथ'वर. पट्टी म्हणाला, चार अक्षरांचा आहे, मोठा हवा. मी म्हटलं, आमच्या नियमावलीत लहानच. मॅडम म्हणाल्या, नियमावली कुणी लिहिली? मी म्हटलं, मीच. एक तास वीस मिनिटं गेली 'विथ'पायी!

शेवटी शिंप्याला आत बोलावलं. "तुम्हीच सांगा, 'विथ' मोठा की लहान?"

तो गोंधळला. "मला नाही कळत त्यातलं. कव्हरावर आहे तसं ठेवा."

बारा वर्षं लिहून म्हणे कळत नाही! आणि कव्हरावर शीर्षक सगळंच्या सगळं कॅपिटलमध्ये. लेखक मंडळी एकजात विक्षिप्त.

१५ मार्च, शनिवार

मेले!

शुद्धिपत्र छापून आलं. पट्टीचा जुना नेम: शुद्धिपत्र आलं की सगळा मजकूर कॅपिटलमध्ये लावायचा, म्हणजे उठून दिसतो. त्यामुळे 'अमुक ऐवजी अमुक असे वाचावे' यातली दोन्ही अमुकं हुबेहूब सारखी! चूकही मोठी, दुरुस्तीही मोठी. ज्यांनी मूळ अंक पाहिला नव्हता त्यांनी फोन करून विचारलं, फरक शोधा स्पर्धा आहे का, बक्षीस काय?

मी प्रूफ तपासलं होतं. वाक्य शुद्ध होतं. स्पेलिंग शुद्ध. मी ठीक म्हणून सही केली.

१७ मार्च, सोमवार

वाटलं, शिंपी चिडेल. नाही चिडला. टेपनं शुद्धिपत्रातलं नाव मोजलं, कव्हरावरचं मोजलं. "उंची बरोबर आहे. पण ही यादी झाली. लेखात कधी होणार?" आणि खुर्चीत बसला.

बसल्या बसल्या हाताला चाळा हवा म्हणून कचेरीचे पडदे उतरवून त्यांना नवी पट्टी घातली. (पट्टीनं दचकून वर पाहिलं.) मॅडमच्या बॅगेचा बंद शिवून दिला. मॅडम म्हणाल्या, मुलाखत द्या ना, शिंपी ते कादंबरीकार! तर म्हणे, "बोलायचं नाही जमत. शिवायचं जमतं."

१८ मार्च

पत्रांचा ढीग. वाचकांत दोन तट पडलेत. लहान अक्षरांची बाजू घेणारे लहान लिपीत लिहितात. मोठ्यांची घेणारे सगळंच कॅपिटलमध्ये. वाचताना कानठळ्या बसतात! एका कवयित्रीनं लिहिलंय, "माझं नाव आजवर मोठंच छापलं, कुणी वाचलं नाही. एकदा लहान करून बघा."

१९ मार्च, बुधवार

संध्याकाळी घरी दादाचा जुना विद्यार्थी आला. टक्कल पडलेलं, बँकेत अधिकारी. बसला नाही. उभाच.

"सर, सातवीत मी 'आय' लहान काढला म्हणून तुम्ही मला तीन तास बाकावर उभं केलं होतंत. खरं ना?"

"असेल."

"आणि आता तुम्ही स्वतः?"

दादानं खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुझंच बरोबर होतं."

त्या माणसाचा चेहरा असा उजळला! डोळे पुसले. खिशातून कागद-पेन काढलं. "एवढंच लिहून द्या सर, खाली सही. आई अजून म्हणते मी तेव्हा वाह्यात होतो."

"लिहून देत नाही," दादा म्हणाला आणि आत निघून गेला.

इतका तुसडेपणा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बिचाऱ्याला चहा दिला. तो उभ्यानंच प्यायला.

दादाशी भांडले. "दोन ओळी लिहिल्या असत्यास तर हात झिजला असता का?" तो टाइप करायला बसला.

२१ मार्च, शुक्रवार

दादाचं दुसरं परीक्षण. सगळं लहान. मॅडमना आनंद. 'लहान लिपी विशेषांक' काढायचा, पाच एप्रिलला. पहिलं परीक्षण पुन्हा छापायचं, 'लोकाग्रहास्तव'. एक वाचक मंडळ दादाचा जाहीर सत्कार करणार आहे.

शिंपी म्हणाला, "ताई, मास्तरांनाच भेटतो. पुस्तकावरच्या नावावर राग असेल तर समोर सांगू देत."

रविवारी या म्हटलं.

२३ मार्च, रविवार

सगळं क्रमानं लिहिते.

शिंपी दहाला आला. दादा आरामखुर्चीत. मी चहा टाकायला आत. दादाचं व्याख्यान सुरू झालं: समता, अक्षरांची जातपात, जगात कुणीच कुणाहून उंच नाही. मला आता पाठ आहे. शिंपी मधे एकदाही बोलला नाही. मी ट्रे घेऊन बाहेर आले तर तो दादाच्या तोंडाकडे बघतच नव्हता. बाहीकडे बघत होता.

"मास्तर, उजव्या बाहीचं बटण उघडं का?"

दादा अडखळला. "उकडतं."

"मग डाव्या बाहीचं लावलेलं कसं?"

दादानं उजवा हात मागे घेतला.

"उजव्या बाहीचं बटण डाव्या हातानं लावतात," शिंपी माझ्याकडे वळून म्हणाला, शाळेत समजावून सांगावं तसं. मग दादाजवळ गुडघ्यावर बसला. "लावून दाखवा मास्तर."

दादाचा डावा हात मांडीवरून उचलला गेला. मनगटापर्यंत आला. बोटं बटणावर आली आणि नुसती त्याच्यावरून घसरत राहिली. पुन्हा. पुन्हा.

माझ्या हातातला ट्रे शिंप्यानं घेतला म्हणून वाचला.

"कधीपासून?" मी ओरडलेच.

"जानेवारी. सकाळी उठलो तर बधिर. वाटलं, अंगाखाली आला असेल."

दादा जेवतो उजव्या हातानं, पण लिहितो डाव्यानं. लहानपणापासून डावखुरा. पेन धरता येईना म्हणून एकट्या उजव्या हातानं टाइप करायला लागला. त्याचा टाइपरायटर चाळीस वर्षांचा. कॅपिटलसाठी शिफ्टची कळ एका हातानं दाबून धरायची आणि दुसऱ्यानं अक्षर मारायचं. ती अडकवून ठेवायचा खटका केव्हाच तुटलाय. एका हातानं होत नाही ते!

"आणि ते तत्त्व? समता?"

दादा खाली मान घालून म्हणाला, "ते मागाहून सुचलं."

शिंप्यानं त्याचं बटण लावलं. चहा न घेता रिक्षा आणायला गेला.

२४ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, छोटा झटका. मेंदूत. "दोन महिने काय करत होतात? पुढचा छोटा असेलच असं नाही." आता गोळ्या, व्यायाम, रबरी चेंडू दाबायचा. बोटं थोडीफार परत येतील, सगळी कदाचित नाही.

त्याच्याच घरात राहते मी. दोनशे चौदा चुका काढल्या आणि हात नाही पाहिला. टक् टक् सावकाश ऐकू येत होतं रोज — विचार करतोय म्हणाले!

त्याला हात झिजला असता का, म्हणाले.

२६ मार्च, बुधवार

दादाची एकच विनवणी: "कुणाला सांगू नकोस. परीक्षणं बंद करतील. म्हाताऱ्याला घरी बसवतील."

कचेरीत गेले तर शिंप्याची खुर्ची रिकामी. दुपारी आला, टेपशिवाय. म्हणाला, "ताई, ते नाव राहू दे आता लहानच."

"अहो, पण तुम्ही सोळा दिवस..."

"तेवढं एकच मोठं करायचं तर मास्तरांना कारण सांगावं लागेल. हात उघडा पडेल त्यांचा. राहू दे."

बोलून गेला. पडद्याची उरलेली शिलाई पुरी करून गेला.

घरी येऊन दादाला सांगितलं. तो चेंडू दाबत होता. थांबला. म्हणाला, "तो माणूस माझ्याहून बरा निघाला."

३० मार्च, रविवार

सत्कार. सभागृह भरलेलं. व्यासपीठावरची पाटी लहान लिपीत, मानपत्र लहान लिपीत. सूत्रसंचालकसुद्धा हळू आवाजात बोलत होते, लहान लिपीला साजेसं म्हणून! मागच्या रांगांना काही ऐकू आलं नाही.

दादा उत्तर द्यायला उठला. मी मूठ आवळून बसलेली. तत्त्व सांगेल वाटलं. त्यानं ध्वनिक्षेपक उजव्या हातात घेतला आणि सरळ म्हणाला, "यात तत्त्व वगैरे काही नाही. मला शिफ्ट दाबता येत नव्हती."

आणि टाळ्या! काय टाळ्या!! लोक उभे राहिले.

"डाव्या हाताचा प्रश्न आहे हो," दादा ओरडला.

पुन्हा टाळ्या. अध्यक्ष कुठल्याशा महाविद्यालयात शिकवतात. त्यांनी समारोपात उलगडून सांगितलं की 'शिफ्ट' म्हणजे सत्ता, आणि सरांनी ती दाबायला नकार दिला. डावा हात म्हणजे आपल्यातला उपेक्षित. तो टक्कल पडलेला विद्यार्थी पहिल्या रांगेत हमसून हमसून रडत होता.

घरी येताना दादा म्हणाला, "मी खरं सांगितलं ना गं?"

"सांगितलंस."

"मग?"

आणि अचानक दोघंही हसायला लागलो, भर रस्त्यात, एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकून. जानेवारीपासून तो पहिल्यांदा हसला असेल.

१ एप्रिल, मंगळवार

दादाची सूचना: "विशेषांकात माझं परीक्षण पुन्हा येतंय ना? त्यात त्या शिंप्याच्या पुस्तकावरचं नाव मोठं कर. बाकी राहू दे."

मॅडमना विचारलं. "छे! विशेषांकाचं नावच लहान लिपी! एकही कॅपिटल चालणार नाही."

लेखकानं सांगितलंय म्हटलं. तर म्हणाल्या, सरांचा विनोद असेल.

३ एप्रिल, गुरुवार

पानावर मॅडमची सही झाली होती. मी पट्टीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

"तीन अक्षरं बदलायची आहेत. दोन आद्याक्षरं, एक आडनावाचं."

"ताई, सही झालीय."

"मला माहितीय."

सव्वीस वर्षांत सही झालेल्या पानाला मी हात लावला नव्हता. स्वल्पविरामालासुद्धा नाही. पट्टीनं माझ्याकडे पाहिलं, पट्टी खाली ठेवली आणि म्हणाला, "मी पाणी पिऊन येतो. चालू आहे मशीन."

मीच बदलली. शिफ्ट दाबून धरली, एकेक अक्षर मारलं. दोन हात लागतात. किती सोपं असतं ते.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी आठला मॅडमचा फोन. "बारा पानांत तीन कॅपिटल! चूक कुणाची?"

"माझी," म्हटलं. इतकं सुखानं हा शब्द मी कधी उच्चारला नव्हता.

मॅडम म्हणाल्या, पुढच्या अंकात शुद्धिपत्र जाईल. आणि नोकरीचं सोमवारी बोलू.

शुद्धिपत्र पट्टी लावणार. म्हणजे सगळं कॅपिटलमध्येच!

दादाला अंक दाखवला. त्यानं डाव्या हाताचं पहिलं बोट उचलून नावावर ठेवलं. एकटं बोट, पण उचललं!

७ एप्रिल, सोमवार

नोकरी राहिली. पत्रं माझ्या बाजूनं आली म्हणे.

दुपारी शिंपी आला. अंक घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत धरून आणलेला. बराच वेळ त्या नावाकडे पाहत उभा होता.

म्हटलं, "झालं ना एकदाचं तुमचं नाव मोठं?"

"माझं नाही ताई. बायकोचं. पुस्तक तिचं. छापून हातात यायच्या आत गेली." अंगठा हलकेच नावावरून फिरवला. "मला इंग्रजी वाचता येत नाही. तिचं नाव कव्हरावर कसं दिसतं तेवढं डोळ्यांना पाठ आहे. ते मागचं तिच्यासारखं दिसत नव्हतं."

मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. अंक माझ्याकडे वळवला.

"आता सांगा," म्हणाला, "मास्तरांनी तिच्याबद्दल लिहिलंय काय?"